चाचणीची साक्षीदार

इमारतींचं गणित करणाऱ्या माणसाची एक भाबडी समजूत असते: चांगलं बांधकाम म्हणजे न हलणारं बांधकाम. कॉलम, बीम, स्लॅब, सगळं एकमेकांत ओतायचं, सळ्या एकमेकींत गुंतवायच्या आणि ते एकजीव झालं की सुटलो. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत मी इमारतींच्या विभागातून पुलांच्या विभागात आले ती हीच समजूत घेऊन. तिथं समोर आलेल्या पहिल्याच ड्रॉइंगमध्ये गर्डर म्हणजे आडव्या तुळया होत्या, पिअर म्हणजे खांब होते, खांबांच्या डोक्यावर पिअर कॅप होती, आणि गर्डर व पिअर कॅप यांच्यामध्ये एक छोटा काळा चौकोन होता. त्यातून एकही सळई जात नव्हती, काँक्रीटही नव्हतं. शेकडो टनांचा पूल खांबांवर नुसता ठेवलेला होता. ड्रॉइंग काढणाऱ्या मुलाकडून काही राहून गेलं असावं, असं मला खरोखरच वाटलं.

विभागातल्या सरांनी माझं ऐकून घेतलं आणि एक गुणाकार करायला लावला. काँक्रीट एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग वाढतं. गर्डर चाळीस मीटरचा. विदर्भातल्या साइटवर थंडी आणि उन्हाळा यांत पुलाच्या अंगातलं तापमान तीस अंशांनी बदललं असं धर. उत्तर आलं साडेचौदा मिलीमीटरच्या आसपास. "आता हे चौदा मिलीमीटर कुठं पाठवशील?" सर म्हणाले. गर्डर खांबात ओतला तर तो खांबाचं डोकं ढकलणार, नाहीतर स्वतः चिरणार. शिवाय नवं काँक्रीट सुकताना आकसतं, प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे आतल्या ताणलेल्या तारांच्या, दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू आखडत राहतं. ट्रक ब्रेक मारतो तेव्हा पूल पुढे ओढला जातो, आणि ट्रक मधोमध आला की गर्डर वाकून त्याची टोकं किंचित फिरतात. हे सगळं सोसायचं काम त्या काळ्या चौकोनाचं. त्याचं नाव बेअरिंग. साइटवरची माणसं त्याला रबरचं पॅड म्हणतात.

रबर म्हटल्यावर माझा गोंधळ वाढलाच. शंभर-दीडशे टन वजन रबरावर? सरांनी टेबलावरचं खोडरबर उभं धरून अंगठ्यानं दाबलं. ते मधून फुगलं. मग त्याच खोडरबराची ब्लेडनं पातळ चकती कापून दाबली, तर ती जवळजवळ दबलीच नाही. रबर दाबलं की त्याचं घनफळ फारसं कमी होत नाही, ते फक्त बाजूला पळू बघतं. पळायला जागा कमी असेल तर ते वजन उचलतं. म्हणून जाड रबरात पोलादी पत्रे घालून त्याचे पातळ थर करायचे. प्रत्येक थराच्या वर-खाली पत्रा घट्ट चिकटलेला, त्यामुळे रबराला बाजूला फुगता येत नाही. पण आडवं सरकायला मात्र सगळे थर मोकळे. उभ्या दाबाला कडक, आडव्या ओढीला मऊ. ही युक्ती फ्रान्सच्या यूजीन फ्रेसिनेच्या नावावर आहे, 1950 च्या दशकातली. इंग्लंडमध्ये लिंकन शहरातल्या पेलहॅम पुलाखाली 1957 च्या सुमाराला अशीच थरांची रबरी बेअरिंगं बसवली गेली, आणि मग ती जगभर पसरली.

दबणारं क्षेत्रफळ आणि फुगायला मोकळी असलेली कडेची जागा यांच्या गुणोत्तराला शेप फॅक्टर म्हणतात. आपल्याकडच्या 1987 च्या कोडात तो 6 ते 12 च्या दरम्यान ठेवायला सांगितलं होतं. 320 बाय 500 मिलीमीटरचं, 10 मिलीमीटरच्या थरांचं बेअरिंग घेतलं, कडेचं 6 मिलीमीटरचं आवरण वजा केलं, तर शेप फॅक्टर साडेनऊच्या आसपास येतो. त्याच कोडाप्रमाणे त्यावर चौरस मिलीमीटरला 10 न्यूटन दाब चालायचा, म्हणजे जवळपास दीडशे टन. पसरलेल्या वर्तमानपत्रापेक्षा लहान वस्तू दीडशे टन पेलते, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "बरं" एवढंच म्हटलं.

कोड म्हणजे आयआरसी 83, इंडियन रोड्स काँग्रेसचा. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 1920 च्या दशकात देशातल्या रस्त्यांची पाहणी केली आणि त्या समितीच्या शिफारशीतून 1934 मध्ये ही संस्था उभी राहिली. जयकर म्हटलं की आम्हां पुणेकरांना विद्यापीठाचं ग्रंथालय आठवतं, रस्ते आठवत नाहीत. या कोडाचा पहिला भाग रोलर आणि रॉकर अशा धातूच्या बेअरिंगांचा, दुसरा रबरी बेअरिंगांचा, तिसरा पॉट बेअरिंगांचा, आणि 2014 मध्ये गोलाकार बेअरिंगांचा चौथा भाग आला. दुसरा आणि तिसरा भाग 2018 मध्ये नव्या रूपात निघाले.

मी कादंबरी वाचावी तसा हा कोड पहिल्या पानापासून वाचायला घेतला, आणि अर्थातच काही कळेना. रबर क्लोरोप्रीनच हवं. पॉलिमर इतके टक्के तरी हवं, राख इतक्या टक्क्यांवर नको. एकदा वापरलेलं, पुन्हा कांडलेलं रबर नको. कडकपणा 60, पाच कमी-जास्त. तुटेपर्यंत मूळ लांबीच्या वर आणखी चौपट ताणलं गेलं पाहिजे. शंभर अंशांच्या भट्टीत सत्तर तास ठेवल्यावर ताकद फार घटता कामा नये. ही वाक्यं कुणी, कशासाठी लिहिली? सरांना विचारलं तर म्हणाले, "प्रत्येक कलमामागं कुणीतरी केलेली लबाडी असते नाहीतर कुठंतरी झालेली फजिती. त्या नजरेनं वाच." मग राखेचं कलम लगेच उमगलं. रबर महाग, चुनखडी आणि माती स्वस्त. रबर जाळलं की ते धूर होऊन जातं आणि भर घातलेला माल राखेत उरतो.

माझी खरी गाळण उडाली ती कारखान्यात. एका पुलाच्या बेअरिंगांचा लॉट तयार होता आणि चाचण्या होताना आमच्या बाजूनं कुणीतरी हजर राहायला हवं होतं. याला विटनेस करणं म्हणतात. सगळे अनुभवी लोक दुसऱ्या कामांत अडकलेले, त्यामुळे साक्षीदार म्हणून एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये मी उभी. शेडभर तापलेल्या रबराचा वास. साच्यांमध्ये काळी पानं आणि वाळूच्या माऱ्यानं खरवडून चिकटद्रव्य लावलेले पत्रे एकाआड एक रचून वाफेच्या प्रेसमध्ये भाजत होते. थर एकमेकांना धरून राहतात ते याच भाजण्यात, व्हल्कनायझेशनमध्ये. पत्र्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तिथं चिकटद्रव्य पकडत नाही, असं मशीनवरच्या काकांनी सांगितलं आणि माझ्या हातांकडे पाहून मला दोन पावलं मागं सरकायला लावलं.

पुलाला लागतात त्यापेक्षा जास्तीचे नग बनवलेले असतात. त्यांतला कुठला फोडायचा ते साक्षीदारानं निवडायचं. ही निवड मला फार जड गेली. सगळे सारखेच दिसत होते. मी एकावर खडूनं खूण केली आणि तो करवतीखाली गेला. कापल्यावर दिसलेलं दृश्य मात्र देखणं होतं: चिरोट्याच्या पदरांसारखे काळ्या रबरात चमकणारे पत्रे, एकमेकांना समांतर, कडेला ठरल्याप्रमाणे रबराचं आवरण. पत्रा तिरका बसला असता, कडेपर्यंत उघडा आला असता, तर तो इथंच दिसला असता. मग एका थराला चिमट्यात धरून पत्र्यापासून ओढून काढायची चाचणी झाली. रबर फाटलं पाहिजे, पत्र्यावरून सोललं जाता कामा नये. ते फाटलं, आणि पत्र्याला काळे लचके चिकटून राहिले. काका खूश झाले. आपण बनवलेली वस्तू फाटली म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पण मनात शंका राहिली. कापलेला नग चांगला निघाला, म्हणून न कापलेला चांगला कसा? त्यावरचं उत्तर शेजारच्या मशीनवर होतं. तिथं नग न फोडता त्यावर उभा दाब चढवतात आणि त्याच्या कडेकडे बघत बसतात. दाब वाढला की प्रत्येक थर आपल्या जागी किंचित फुगतो आणि कडेवर समान अंतरावर बारीक लाटा उमटतात. एखादा पत्रा गळला असेल, सरकला असेल किंवा एखादा थर चिकटला नसेल, तर त्या जागी लाट मोठी दिसते. अमेरिकेच्या आश्टो संस्थेच्या मानकात ही तपासणी अंगावर काटा यावा इतकी स्पष्ट लिहिली आहे: डिझाइनच्या दीडपट भार पाच मिनिटं ठेवा, काढा, पुन्हा पाच मिनिटं ठेवा आणि कडा पाहा. कडक निकषाच्या मालासाठी निवडक नगांवर हाच दीडपट भार पंधरा तास. पंधरा तास कुणीतरी एका काळ्या ठोकळ्याकडे बघत बसलेलं असणार, हे चित्र मला सुखावून गेलं. कुठंतरी माझ्याहून कंटाळवाणं काम करणारा साक्षीदार होता तर!

ओझोनच्या चाचणीचा रिपोर्ट मात्र माझ्यापुढे नुसता कागद म्हणून आला. रबराची पातळ पट्टी ताणून ओझोनच्या पेटीत ठेवतात आणि ठरलेल्या तासांनंतर भिंगातून भेगा शोधतात. एक भेगही नाही, पास. मी सही केली. परतल्यावर सरांनी तो कागद बघून टेक्सासची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून "पास" या शिक्क्याकडे पाहायची माझी नजर बदलली.

टेक्सासमध्ये काही काँक्रीट गर्डरांखालची बेअरिंगं जागा सोडून चालायला लागली होती. अक्षरशः चालायला: गर्डर उन्हानं लांबतो, रात्री आखडतो, आणि प्रत्येक फेरीत पॅड थोडं थोडं सरकत पिअर कॅपच्या कडेला येतं. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990 च्या दशकात याचा माग काढला. ही बेअरिंगं नैसर्गिक रबराची होती. त्यांच्या पृष्ठभागावर मेणाचा थर सापडला. मेण बाहेरून कुणी लावलं नव्हतं, ते रबराच्या आतून वर आलेलं होतं. नैसर्गिक रबराला ओझोन सोसत नाही. चाचणीच्या पेटीत त्याला भेगा पडतात. म्हणून उत्पादक मिश्रणात पॅराफिन मेण घालत. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर बनवायचं. पट्टी चाचणीत पास व्हायची, आणि पुलाखाली तेच मेण रबर आणि काँक्रीट यांच्यामधलं घर्षण खाऊन टाकायचं.

मी सरांना विचारलं, पण ओझोनपासून बचाव नको का? यावर त्यांनी ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न काढलं. तिथल्या एका रेल्वे पुलाखाली 1889 मध्ये साध्या नैसर्गिक रबराचे तुकडे घातले होते. सुमारे शंभर वर्षांनी ते तपासले तेव्हा हवेनं खराब झालेला भाग होता वरचा जेमतेम एखादा मिलीमीटर. आतलं रबर शाबूत. दीड-दोन मिलीमीटरच्या ताणलेल्या पट्टीला ओझोन चिरतो हे खरंच आहे. पण जाड, दाबाखाली असलेल्या ठोकळ्याचं तो फारसं काही बिघडवू शकत नाही. चाचणी पट्टीची घेतली, पुलाखाली गेला ठोकळा. पट्टीला वाचवण्यासाठी घातलेल्या औषधानं ठोकळ्याचे पाय घसरले. ऑस्टिनच्या मंडळींनी मेण आणि ओझोनची ती अट, दोन्हींचा पुनर्विचार करायला सांगितलं. टेक्सासनं पुढं नैसर्गिक रबरच सोडून निओप्रीन धरलं. क्लोरोप्रीनचंच हे दुसरं नाव. आपल्या 1987 च्या कोडात तेच होतं, म्हणून ही विशिष्ट आपत्ती आपल्या वाट्याला यायचं कारण नव्हतं. पण मला त्यातून जे कळलं ते असं की कारखाना पुलासाठी माल बनवत नाही, चाचणीसाठी बनवतो. त्यात त्याचा दोषही नाही, कारण पैसे त्याला चाचणीवर मिळतात. चाचणी आणि पूल यांच्यात जेवढं अंतर असेल, तेवढं अंतर मालातही उतरणार.

मग मी हे अंतर शोधायचा नादच लावून घेतला. कडकपणाची चाचणी सगळ्यांत सोपी. खिशात मावणारं उपकरण रबरावर दाबायचं, काटा 60 दाखवतो. पण पुलाचं गणित कडकपणावर चालत नाही; ते आडव्या ओढीला रबर किती विरोध करतं त्यावर, म्हणजे शिअर मॉड्युलसवर चालतं. एकच कडकपणा असलेली दोन मिश्रणं ओढायला गेलं तर वेगळी निघतात. आश्टोच्या कोष्टकात 60 कडकपणासमोर हा आकडा चौरस मिलीमीटरला सुमारे 0.9 ते 1.38 न्यूटन असा पसरलेला आहे. आपल्या 1987 च्या कोडाप्रमाणे गणितासाठी 1 धरायचे आणि चाचणीत 0.8 ते 1.2 चालवून घ्यायचे. हिशेब केला. ते 320 बाय 500 चं बेअरिंग आपल्या रबराच्या निम्म्या जाडीइतकं सरकलं, तर 1 च्या आकड्यानं खांबाला साडेसात टनांची ओढ बसते. 1.2 चा माल आला तर नऊ टन, 0.8 चा आला तर सहा टन. तिन्ही पास. खांबाचं डिझाइन करणाऱ्यानं यातलं काय धरलं, हे चाचणीच्या कागदावरून कळत नाही आणि चाचणीचा कागद खांबाचं डिझाइन करणाऱ्यापर्यंत कधी पोचत नाही. तो बिलाला जोडला जातो.

घर्षणाच्या बाबतीत निदान लपवाछपवी नाही. सरकत्या बेअरिंगात टेफ्लॉनची चकती स्टेनलेस स्टीलच्या आरशासारख्या पत्र्यावर घसरते. भारांच्या कोडात, आयआरसी 6 मध्ये, तिथल्या घर्षणासाठी दोन आकडे दिले आहेत: 0.03 आणि 0.05, ज्यानं जास्त वाईट परिणाम होईल तो घ्या. एकाच वस्तूचं घर्षण दोन प्रकारचं कसं, म्हणून मी सुरुवातीला हैराण झाले होते. आता मला ते कोडातलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य वाटतं.

फिरण्याच्या बाबतीत कोडांची गंमत आणखी वेगळी. दाबामुळे, सरकण्यामुळे आणि फिरण्यामुळे रबरात जो ताण येतो, त्या तिघांची बेरीज युरोपच्या ईएन 1337 मध्ये 7 च्या आत ठेवायची असते, आणि आपला नवा कोडही त्याच वळणानं गेला आहे. अमेरिकेत हीच बेरीज 5 च्या आत. मी उत्साहानं जाहीर केलं की अमेरिकन जास्त सावध आहेत. सर हसले. बेरजेत घालायचे आकडे काढायची सूत्रंच वेगळी, आणि अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या भाराच्या ताणाला 1.75 नं गुणून मग बेरीज करतात. हा 1.75 आला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगांतून, ज्यांचा अहवाल 2008 मध्ये निघाला. त्यांनी बेअरिंगं दाबाखाली धरून पुन्हा पुन्हा डोलवली आणि पत्र्यांच्या कडेशी रबर कसं सुटत जातं ते पाहिलं. एकदाच खूप फिरवण्यापेक्षा थोडं थोडं सतत डोलवणं रबराला जास्त खातं. महामार्गावरचा प्रत्येक ट्रक नेमकं तेच करतो. आमच्या लॉटच्या चाचण्यांत मात्र डोलवणं कुठंच नव्हतं. तसं मशीन फार थोड्या ठिकाणी असतं आणि ते प्रत्येक लॉटसाठी मागणं परवडणार नाही, हे मला मान्य आहे. पण एका मिश्रणाची, एका कारखान्याची अशी परीक्षा एकदा तरी घ्यावी आणि मिश्रण बदललं की पुन्हा घ्यावी, एवढं मागायला काय हरकत आहे?

पॉट बेअरिंगांच्या कामात तर मला सगळ्यांत मोठं आश्चर्य वाटलं. पॉट म्हणजे पोलादी भांडं. त्यात रबराची चकती कोंडलेली, वरून पोलादी पिस्टन. चारी बाजूंनी कोंडल्यामुळे रबर दाबाखाली जवळजवळ द्रवासारखं वागतं आणि पिस्टनला सगळीकडे तिरकं व्हायला देतं. मोठे भार असले की हेच वापरतात. पण याचं डिझाइन पुलाचा डिझायनर सहसा करत नाही. तो ड्रॉइंगवर एक तक्ता देतो: कमाल उभा भार, आडवा भार, किती सरकणार, किती फिरणार. त्यावरून कारखाना बेअरिंगचं डिझाइन करून पाठवतो. म्हणजे पूल ज्याला माहीत आहे त्याला बेअरिंग माहीत नाही, आणि बेअरिंग ज्याला माहीत आहे त्याला पूल माहीत नाही. दोघांना जोडणारा दुवा हा तक्ता, आणि तो भरायचं काम बहुतेक वेळा नवशिक्याकडे येतं. म्हणजे माझ्याकडे.

तक्ता भरताना मी प्रत्येक रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा टाकत होते. सर म्हणाले, "कमाल भार ज्या वेळी येतो, त्याच वेळी कमाल आडवा भार येतो का?" येत नाही. पण कारखाना हे सगळं एकदम येतं असं धरून बेअरिंग करणार, आणि ते उगाच अवजड होणार. उलट ज्या रकान्याकडे सगळे दुर्लक्ष करतात तो किमान उभ्या भाराचा. दाब फार कमी झाला की रबरी बेअरिंग जागेवरून सटकू शकतं, म्हणूनच 1987 चा कोड चौरस मिलीमीटरला निदान 2 न्यूटन दाब मागायचा. पॉट बेअरिंगातही हलक्या भाराखाली मोठी आडवी ओढ ही अवघड अवस्था असते. मी आमच्याच कपाटातले जुने तक्ते चाळले. कित्येकांत तो रकाना रिकामा, नाहीतर तिथं एक आडवी रेघ.

आणि हे सगळं करून बेअरिंग साइटवर जातं, जिथं त्याची कुणीच चाचणी घेत नाही. बेअरिंगखालचं पेडस्टल पाणसळीत आहे का? उतारावरच्या गर्डरचा तळ बेअरिंगवर सपाट टेकतो का, की एकाच कडेवर? शटरिंगसाठी घातलेला थर्माकोल काढला का? ग्राउट खालून पूर्ण भरलं का? बेअरिंग बसवताना तापमान काय होतं? मे महिन्याच्या दुपारी गर्डर ठेवला तर पॅड आयुष्यभर एकाच दिशेला जास्त ताणलेलं राहणार. कारखान्यात शंभर अंशांच्या भट्टीचा सत्तर तासांचा हिशेब ठेवणारे आम्ही, साइटवर थर्मामीटर नेत नाही.

बिघडलं की काय होतं ते लोकांना ट्रॅफिकमध्ये कळतं. 2020 च्या सुरुवातीला सायनचा उड्डाणपूल बेअरिंगं बदलण्यासाठी गुरुवार रात्र ते सोमवार सकाळ असा बंद ठेवत होते. चेंबूरची माझी मावशी तेव्हा रोज फोनवर त्या पुलाचा उद्धार करायची, आणि मी या क्षेत्रात आल्यापासून तो राग तिनं माझ्याकडे वर्ग केला आहे. अमेरिकेत पिट्सबर्गचा बर्मिंगहॅम पूल फेब्रुवारी 2008 मध्ये जुन्या रॉकर बेअरिंगांवरून निसटून वीस सेंटिमीटर खाली बसला होता; पूल बंद करावा लागला. त्या मानानं सायनचं काम वेळेत केलेलं शहाणपण म्हणायचं. पूल उचलणं अशक्य नसतं. अंधेरीचा बर्फीवाला उड्डाणपूल 2024 मध्ये गोखले पुलाशी जुळवण्यासाठी जॅकनं एका बाजूला 1,397 आणि दुसऱ्या बाजूला 650 मिलीमीटर उचलला. बेअरिंग बदलायला तर काही मिलीमीटर पुरतात. पण जॅक ठेवायला पिअर कॅपवर जागा हवी, आणि जॅकच्या डोक्यावर येणारा, गर्डरांना आडवा जोडणारा डायाफ्रॅम तो भार घेण्याजोगा हवा. पॅड पुलाच्या आधी थकणार हे ठाऊक असताना ही जागा ड्रॉइंगवर न दाखवणं मला चाचणीत नापास होण्यापेक्षा गंभीर वाटतं.

आमच्या ऑफिसात आता बेअरिंगचा नवा तक्ता चालू केला आहे. त्यात भार एकेकटे न देता कोणते एकत्र येतात ते जोड्यांनी द्यायचं, किमान उभा भार रिकामा सोडायचा नाही, बसवण्याचं तापमान आणि जॅकची जागा लिहायची, आणि शिअर मॉड्युलसचा चाचणीतला आकडा आमच्याकडे परत पाठवायचा. टेंडरपूर्व बैठकीत ठेकेदारानं अपेक्षेप्रमाणे विचारलं, हे कुठल्या कलमात आहे? सरांनी जॅकच्या जागेचा आणि किमान भाराचा मुद्दा पटवून दिला. चाचणीचा आकडा परत पाठवण्याला "बघू" असं उत्तर मिळालं. डोलवण्याच्या चाचणीची माझी मागणी मात्र सरांनी बैठकीला जाण्याआधीच खोडली. पुढच्या कामात घालू म्हणाले. पुढचं काम तिरक्या पुलाचं आहे. तिरक्या पुलात रुंद कोनाच्या टोकाला भार वाढतो आणि अरुंद कोनाच्या टोकाला गर्डर उचलला जाऊ पाहतो, त्यामुळे किमान भाराच्या रकान्यात उणे आकडा आला आहे. तो बघून कारखान्यातून फोन आला होता की मॅडम, इथं टायपिंगची चूक आहे का. नाही म्हणून कळवलंय, आणि अपलिफ्ट घेणारं बेअरिंग मागितलं आहे.